आयपी रोज बदलतो, सर्व्हर रिव्हर्स डीएनएस मागतो: अडकलेलं मेल कसं सोडवायचं

सांवेर रोडवरचा कारखाना असो, सियागंजातली पेढी असो किंवा लोकमान्यनगरातलं सीए ऑफिस, इंदूरमध्ये ही तक्रार जवळपास एकाच शब्दांत कानावर येते: "दादा, मेल येतात, पण जात नाहीत. राउटर बंद करून चालू केला की जातात, दोन दिवसांनी पुन्हा अडतात."

राउटर बंद-चालू केल्यावर मेल जात असेल तर पासवर्ड किंवा आउटलुकला दोष देण्यात अर्थ नाही. राउटर चालू होताना नवा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतो. जुन्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नव्हता किंवा तो एखाद्या ब्लॉकलिस्टमध्ये (ज्यांचं मेल घेऊ नये अशा आयपींच्या यादीत) होता, नवा त्यातून सुटला, एवढंच झालेलं असतं. यावर लोक तीन उपाय करतात. ब्रॉडबँडवाल्याकडे पीटीआर रेकॉर्डची, म्हणजे याच रिव्हर्स डीएनएसच्या नोंदीची, मागणी करतात, प्रत्येक शाखेसाठी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी विकत घेतात, नाहीतर सर्व्हरवरची तपासणीच काढून टाकतात. पहिला उपाय डायनॅमिक, म्हणजे बदलत्या, आयपीवर होऊच शकत नाही, दुसऱ्यात दर महिन्याला पैसे वाया जातात आणि तिसऱ्यानं स्पॅमला दार मोकळं होतं.

खरा उपाय वेगळा आहे. रिव्हर्स डीएनएसची अट एका सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरला घालायची असते. लॅपटॉप, फोन, स्कॅनर यांची ओळख लॉगिनवरून पटवायची, आयपीच्या नावावरून नाही. पुढचे टप्पे याच तत्त्वावर आहेत. उदाहरणं पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची घेतली आहेत, कारण लहान सर्व्हरांवर तेच जास्त दिसतं. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, सर्व्हरवर ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात.

## तयारी: सर्व्हरला हात लावण्याआधी

ऑफिसातून मेल पाठवणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी करा. माणसांचे कॉम्प्युटर सगळ्यांना आठवतात. राहून जातात ते मेलवर स्कॅन पाठवणारं झेरॉक्स मशीन, टॅलीतून जाणारी बिलं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, यूपीएसचा अलर्ट. प्रत्येकासमोर सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि लॉगिन आहे की नाही ते लिहा. ही यादी नसेल तर चौथ्या टप्प्यानंतर स्कॅनर बंद पडतो आणि त्याचा पत्ता लागतो नेमका जीएसटीआर-३बी भरायच्या २० तारखेला.

एररचा मजकूर जसाच्या तसा मिळवा. "रिजेक्टेड म्हणतोय" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. फोटो मागवा, त्यातले आकडे वाचता आले पाहिजेत.

ऑफिसचा बाहेरचा आयपी टिपून घ्या आणि राउटरच्या पानावरचा वॅन आयपीही (राउटरला ब्रॉडबँडवाल्याकडून मिळालेला पत्ता) पाहा. वॅन आयपी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक गिऱ्हाईकांमध्ये वाटलेला आहे. शेजारच्या अनोळखी माणसाच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमुळेही मग तुमचा आयपी ब्लॉकलिस्टमध्ये जाऊ शकतो. हे कळलं की ब्रॉडबँडवाल्याशी पीटीआरवरून वाद घालण्यात वेळ जात नाही.

शेवटी, सर्व्हरच्या मेन.सीएफ आणि मास्टर.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या दोन्ही फाइलींची तारीख घालून प्रत काढून ठेवा.

## टप्पा १: नकार कोणी दिला ते ठरवा

मेलच्या प्रवासाचे दोन भाग असतात. आधी तुमच्या कॉम्प्युटरकडून तुमच्या मेल सर्व्हरकडे, मग तिथून समोरच्याच्या सर्व्हरकडे. रिव्हर्स डीएनएसची तपासणी दोन्हीकडे होऊ शकते, पण तपासला जाणारा आयपी वेगळा असतो. पहिल्या भागात तुमच्या ब्रॉडबँडचा, दुसऱ्यात तुमच्या सर्व्हरचा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

"सेंड" दाबताच एररची खिडकी उघडली किंवा मेल आउटबॉक्समध्ये पडून राहिलं, तर नकार तुमच्याच सर्व्हरनं दिलाय. टप्पा २ ते ५ तुमच्यासाठी आहेत. मेल निघून गेलं आणि नंतर इनबॉक्समध्ये "अनडिलिव्हर्ड" असा निरोप आला, तर नकार समोरच्यानं दिलाय आणि तो तुमच्या सर्व्हरच्या आयपीला आहे. थेट टप्पा ६ वर जा.

आकड्यांवरूनही अंदाज येतो. ४५० आणि त्यासोबत ४.७.१ किंवा ४.७.२५ असेल, पुढे "कॅनॉट फाइंड युवर रिव्हर्स होस्टनेम" असा मजकूर असेल, तर ही पोस्टफिक्सची नेहमीची भाषा आहे. ५५० सोबत ५.७.२५ म्हणजे रिव्हर्स डीएनएसवरून कायमचा नकार. ५५४ आणि ५.७.१ सोबत एखाद्या ब्लॉकलिस्टचं नाव असेल तर प्रश्न पीटीआरचा नाही, आयपी त्या यादीत असण्याचा आहे.

४५० हा तात्पुरता नकार असतो. सर्व्हर असा नकार मिळाल्यावर मेल रांगेत ठेवून स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. आउटलुक किंवा थंडरबर्ड सर्व्हर नाहीत, त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला फक्त एरर दिसते. त्यामुळे "तात्पुरता आहे, जाईल आपोआप" असं सांगून फोन ठेवू नका.

सावधान: काहीच उत्तर न येता कनेक्शन टाइमआउट होत असेल आणि पोर्ट २५ लावलेलं असेल, तर ब्रॉडबँडवाल्यानं २५ बंद केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्याचा रिव्हर्स डीएनएसशी संबंध नाही. उपाय मात्र टप्पा ३ मधलाच.

## टप्पा २: आयपीला नाव आहे का, आणि नावाला तोच आयपी आहे का

तपासणी दोन दिशांनी करायची असते, लोक एकच करून थांबतात. समजा ऑफिसचा आयपी २०३.०.११३.२५ आहे. विंडोजवर एनएसलुकअप, लिनक्सवर "डिग -एक्स" आणि पुढे आयपी. त्यातून पीटीआरचं नाव येतं. आता त्या नावाची उलट चौकशी करा: त्याचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) पुन्हा २०३.०.११३.२५ हाच देतो का?

चार शक्यता निघतात. नाव आहे आणि परत तोच आयपी येतो, म्हणजे सगळं ठीक. नावच नाही. नाव आहे, पण त्याचा ए रेकॉर्ड नाही किंवा तो भलताच आयपी दाखवतो. किंवा ब्रॉडबँडवाल्याचा नेमसर्व्हर (या नोंदी सांगणारा सर्व्हर) उत्तरच देत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र शेवटच्या तिन्ही प्रकारांत एकच ओळ दिसते: "कनेक्ट फ्रॉम अननोन" आणि पुढे चौकोनी कंसात आयपी. "अननोन" पाहून पीटीआर नाहीच असं समजू नका. पीटीआर असून उलट बाजू जुळत नसली तरी पोस्टफिक्स "अननोन"च लिहितं.

हा फरक सेटिंगमध्येही आहे. रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम हा नियम पीटीआर नसेल तेव्हाच अडवतो. रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम त्याहून कडक, दोन्ही दिशा जुळल्या नाहीत तरी अडवतो. नावं इतकी सारखी आहेत की एकाच्या जागी दुसरा सर्रास लावलेला सापडतो. बाहेरून येणाऱ्या मेललाही मी पहिलाच नियम लावतो. दुसऱ्यानं बऱ्याच खऱ्या व्यापाऱ्यांची मेल अडतात, कारण त्यांचे सर्व्हरही नीट लावलेले नसतात.

तपासा: कॉम्प्युटर सर्व्हरशी आयपीव्ही६ वरून बोलतोय का? मोबाइल हॉटस्पॉटवर हे हमखास होतं. आयपीव्ही४ चा पीटीआर तपासून "सगळं बरोबर आहे" म्हणाल आणि लॉगमध्ये नकार वेगळ्याच, लांबलचक आयपीव्ही६ पत्त्याला मिळालेला असेल.

## टप्पा ३: पाठवण्याची वाट बदला

मेल क्लायंटनं पोर्ट २५ वापरायचंच नाही. २५ सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीसाठी आहे. मेल सोपवण्यासाठी ५८७ (स्टार्टटीएलएस, म्हणजे जोडणीनंतर सुरू होणारं एन्क्रिप्शन) किंवा ४६५ (सुरुवातीपासून टीएलएस एन्क्रिप्शन) आहे आणि दोन्हींवर लॉगिन सक्तीचं ठेवतात. लॉगिन झालं की माणूस उज्जैनच्या हॉटेलात आहे, महूला सासरी आहे की पीथमपूरच्या गेटवर, याच्याशी सर्व्हरला देणंघेणं उरत नाही.

आउटलुकमध्ये "आउटगोइंग सर्व्हर" नावाची खूण वेगळी करावी लागते: "माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन". ती राहिली की पोर्ट ५८७ असूनही मेल अडतं. मग लोक म्हणतात, "पासवर्ड बरोबर आहे हो, मेल येतंय ना!" मेल येतं ते आयमॅपवरून, पोर्ट ९९३ वरून. पाठवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

इतर नेहमीच्या चुका थोडक्यात. ४६५ सोबत स्टार्टटीएलएस निवडणं, मग कनेक्शन नुसतं लटकून राहतं. युजरनेममध्ये डोमेन न लिहिणं. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी टाकणं, त्यामुळे सर्टिफिकेट जुळत नाही आणि कंटाळून कोणीतरी सुरक्षाच बंद करून टाकतो. आणि जीमेलचं खातं असेल तर नेहमीचा पासवर्ड टाकत बसणं. स्कॅनरसारख्या यंत्रासाठी त्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

जुनं झेरॉक्स मशीन मात्र खरी अडचण करतं. बऱ्याच जुन्या यंत्रांना नवं टीएलएस येत नाही, काहींना लॉगिनच येत नाही. त्यांच्यासाठी सर्व्हरची सुरक्षा खाली आणू नका. ऑफिसच्याच एखाद्या लिनक्स मशीनवर छोटं पोस्टफिक्स बसवा. ते ऑफिसच्या आतल्या यंत्रांकडून मेल घेईल आणि रिलेहोस्टमध्ये तुमच्या मुख्य सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात, पुढे ५८७, असं लिहिलं आणि त्या सर्व्हरच्या लॉगिनची सेटिंगही भरली की लॉगिन करून पुढे देईल. चौकोनी कंस विसरू नका. त्यांच्याशिवाय पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (येणारं मेल कोणता सर्व्हर घेतो ती नोंद) शोधत बसतं.

सावधान: या आतल्या मशीनसाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका. त्याच्या मायनेटवर्क्समध्ये (लॉगिनशिवाय ज्यांचं मेल घ्यायचं त्या पत्त्यांच्या यादीत) फक्त ऑफिसचा आतला पट्टा ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४.

## टप्पा ४: सर्व्हरवर नियमांचा क्रम

क्लायंट बरोबर लावूनही नकार येत असेल, तर लॉगिनच्या आधीच रिव्हर्स डीएनएसची अट तपासली जातेय. पोस्टफिक्स नियमांची यादी वरून खाली वाचतं आणि पहिल्या निर्णयाला थांबतं. म्हणून क्रम असा हवा: आधी परमिट_मायनेटवर्क्स, मग परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड (लॉगिन केलेल्यांना परवानगी), मग रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन (बाकीच्यांचं परक्या डोमेनसाठीचं मेल नाकारणं), आणि त्यानंतरच रिव्हर्स डीएनएस व ब्लॉकलिस्टचे नियम.

एवढं करूनही बरेच जण अडकतात, त्याचं कारण नीट समजून घ्या. क्लायंट, हेलो (जोडताना समोरचा सांगतो ते नाव), सेंडर आणि रेसिपियंट यांच्या याद्या स्वतंत्र आहेत. एका यादीत "परमिट" मिळालं की फक्त ती यादी संपते. पुढची यादी पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते. क्लायंटच्या यादीत लॉगिनला मोकळीक दिलीत आणि हेलोच्या यादीत दिली नाहीत, तर तिथे मेल अडणारच, कारण लॅपटॉप हेलोमध्ये स्वतःचं घरगुती नाव सांगतो आणि ते नाव डीएनएसमध्ये कुठेच नसतं. प्रत्येक यादीत लॉगिनची मोकळीक सगळ्यात वर पाहिजे.

याहून स्वच्छ मार्ग म्हणजे मास्टर.सीएफमध्ये सबमिशन सेवेखाली, म्हणजे ५८७ साठी (आणि ४६५ चालू असेल तर त्याच्या सेवेखालीही), वेगळे नियम लिहायचे: लॉगिन असेल तर परवानगी, नसेल तर नकार, बाकी काही तपासायचंच नाही. हेलो आणि सेंडरच्या याद्याही तिथेच बदला. मग मेन.सीएफमधले कडक नियम २५ पुरतेच राहतात आणि उद्या तिथे कोणी नवा नियम घातला तरी तुमच्या माणसांची मेल अडत नाहीत. मी हाच मार्ग धरतो.

ब्लॉकलिस्टचंही तसंच. स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेची पीबीएल ही यादी मुळात अशाच पत्त्यांची आहे, ज्यांनी थेट पोर्ट २५ वरून परक्या सर्व्हरला मेल देऊ नये. घरगुती ब्रॉडबँडचे पट्टे तिच्यात असणं ही तक्रार करण्याची गोष्ट नाही. तिथून आयपी काढून घ्यायच्या मागे लागू नका, उद्या आयपी बदलेल. लॉगिन केलेल्या माणसाला ती यादी लावू नका, काम संपलं.

सावधान, आणि हे लाल पेनानं लिहून ठेवा: नकार टाळण्यासाठी ऑफिसचा डायनॅमिक आयपी किंवा ब्रॉडबँडवाल्याचा अख्खा पट्टा मायनेटवर्क्समध्ये घालू नका. आज तो आयपी तुमचा आहे, परवा कोणा तिसऱ्याचा असेल, आणि त्याला तुमच्या सर्व्हरमधून लॉगिनशिवाय जगभर मेल पाठवता येईल. हा उपाय पटकन चालतो, म्हणूनच तो जागोजागी सापडतो. त्यातून सर्व्हरचा स्वतःचा आयपी काळ्या यादीत गेला की मग सगळ्यांचीच मेल बंद होतात.

तपासा: कोणताही नवा नकाराचा नियम लावताना त्याच्या आधी वॉर्न_इफ_रिजेक्ट लिहा. मेल अडत नाही, फक्त लॉगमध्ये "अडवलं असतं" अशी नोंद होते. काही दिवस त्या नोंदी वाचा आणि खात्री पटल्यावर तो शब्द काढा.

एक चूक वेगळीच आहे. सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ सारखा सार्वजनिक ठेवून स्पॅमहाउसच्या झेन या एकत्रित यादीला विचारणा करणं. स्पॅमहाउस सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसमधली उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरवरून) आलेल्या विचारणेला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड पाठवतं. तुमच्या नियमात नेमके कोणते कोड नकाराचे हे लिहिलेलं नसेल, तर पोस्टफिक्स तोही नकार समजतं आणि येणारं सगळं मेल परत जातं.

## टप्पा ५: मेल जातं, पण फार वेळ लागतो

हीसुद्धा रिव्हर्स डीएनएसचीच तक्रार असू शकते. जोडणी झाल्यावर सर्व्हर स्वागताची ओळ देण्याआधी आयपीचं नाव विचारतो. ब्रॉडबँडवाल्याचा नेमसर्व्हर गप्प राहिला तर सर्व्हर वाट पाहतो, तोवर आउटलुकचा टाइमआउट होतो. ओळखायचं कसं? सर्व्हरवरून "डिग -एक्स" त्याच आयपीवर चालवा. उत्तर यायला बरेच सेकंद लागले किंवा "सर्व्हफेल" आलं तर कारण सापडलं.

उपाय: सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा. त्यानं वरची स्पॅमहाउसची अडचणही सुटते. आणि सबमिशन सेवेपुरतं एसएमटीपीडी_पीअरनेम_लुकअप "नो" करा, कारण तिथे नावाची गरजच उरलेली नाही. हे मेन.सीएफमध्ये सरसकट "नो" केलंत तर पोर्ट २५ वरचा प्रत्येक सर्व्हर "अननोन" ठरेल.

सर्व्हर ऑफिसातच असेल तर आतल्या १९२.१६८ पत्त्यांनाही असाच उशीर होतो. त्यांच्यासाठी स्थानिक रिव्हर्स झोन लिहा किंवा होस्ट्स फाइलमध्ये नावं भरा.

## टप्पा ६: सर्व्हरच्या स्वतःच्या आयपीचा पीटीआर

इथे मात्र पीटीआर हवाच. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगलनं जीमेलला मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी सुलट आणि उलट दोन्ही डीएनएस जुळण्याची अट घातली आहे.

पीटीआर डोमेनच्या पॅनेलमध्ये लिहून उपयोग नाही. डोमेन तुमचं असलं तरी आयपी तुमचा नसतो, आणि पीटीआर आयपीच्या मालकाच्या झोनमध्ये राहतो. २०३.०.११३.२५ साठी तो २५.११३.०.२०३ असा उलटा लिहून, पुढे इन-ॲडर.आर्पा लावून शोधला जातो. व्हीपीएस (एखाद्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेला आभासी सर्व्हर) असेल तर त्या कंपनीच्या पॅनेलमध्ये "रिव्हर्स डीएनएस" नावाचा रकाना मिळतो. लीज्ड लाइन असेल तर पुरवठादाराला लेखी कळवावं लागतं.

क्रम पाळा:

१. आधी मेल सर्व्हरच्या नावाचा ए रेकॉर्ड त्या आयपीवर करा आणि तो बाहेरून दिसतोय याची खात्री करा. काही पॅनेल त्याशिवाय पीटीआर घेतच नाहीत.
२. मग पीटीआर मागा. पत्रात आयपी, पूर्ण नाव आणि "ए रेकॉर्ड तयार आहे" एवढं स्पष्ट लिहा.
३. पोस्टफिक्सचं मायहोस्टनेमही तेच ठेवा, म्हणजे हेलोमध्ये तेच नाव जाईल.
४. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचाही पीटीआर करा. होत नसेल तर आयनेट_प्रोटोकॉल्समध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा.

एका सर्व्हरवर पाच डोमेन असली तरी पीटीआर एकच लागतो. प्रत्येक डोमेनसाठी वेगळा पीटीआर जोडू नका, तपासणाऱ्याला त्यातलं कोणतं नाव मिळेल याचा नेम नसतो.

सर्व्हरच घरगुती डायनॅमिक जोडणीवर असेल तर हा टप्पा पूर्ण होणारच नाही. तिथून थेट बाहेर मेल पाठवू नका, एखाद्या मेल सेवेच्या ५८७ वर लॉगिन करून पुढे द्या. अशा वेळी एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनचं मेल कोणी पाठवायचं हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) त्या सेवेचं नाव घाला. ऑफिसचा बदलता आयपी तिथे लिहिण्यात काहीच अर्थ नाही.

## टप्पा ७: घरचंच मेल स्पॅममध्ये

देवासच्या शाखेतून आलेलं मेल इंदूरच्या ऑफिसात स्पॅममध्ये पडत असेल तर हेडर उघडा. स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणीच्या गुणांमध्ये आरडीएनएस_नन किंवा आरडीएनएस_डायनॅमिक दिसलं, तर गाळणी तुमच्याच माणसाच्या ब्रॉडबँडला परका सर्व्हर समजतेय. एसएमटीपीडी_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड_हेडर "येस" केलं की लॉगिन झाल्याची खूण हेडरमध्ये पडते आणि स्पॅमअसॅसिन ती ओळखतं. मात्र त्यात लॉगिनचं नाव समोरच्यालाही दिसतं. ते नको असेल तर सबमिशनवरून आलेलं मेल त्या गाळणीतून जाऊच देऊ नका.

## टप्पा ८: चाचणी

ऑफिसच्या वायफायवर चाचणी करून थांबू नका, कारण तो आयपी मायनेटवर्क्समध्ये राहिलेला असेल तर सगळं खोटंच बरोबर दिसेल. लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटवर घ्या आणि सर्व्हरचा लॉग समोर चालू ठेवा. मेल पाठवल्यावर "कनेक्ट फ्रॉम अननोन" ही ओळ बहुधा येईलच. घाबरू नका, ती तशीच राहणार आहे. तिच्या खाली "एसएएसएल_युजरनेम" असलेली ओळ आली आणि मेल गेलं, तर काम झालं. मग त्याच हॉटस्पॉटवर लॉगिन बंद करून बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवून पाहा. ते अडलंच पाहिजे. अडलं नाही तर टप्पा ४ ला परत या आणि तोवर सर्व्हरचं पोर्ट २५ बाहेरून बंद ठेवा.

सगळ्यात शेवटी तयारीत केलेली यादी हातात घ्या आणि स्कॅनर, टॅली, डीव्हीआर, यूपीएस प्रत्येकावरून एकेक मेल पाठवून समोर बरोबरची खूण करा.